जोडी क्रमांक एकसष्ट रद्द न करण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
आरोग्य केंद्र, पाण्याच्या टाकीजवळ.

विषय: लसीच्या पॅचची तिसरी मात्रा मिळण्याबाबत व तो दाबण्यासाठी एक अंगठा मिळण्याबाबत.

संदर्भ: आपले पत्र दि. ३ नोव्हेंबर, "जोडी क्र. ६१ अपूर्ण असल्याने रद्द".

महोदय,

मी खाली सही करणारा, धंद्याने शिंपी, वय बासष्ट, वरील पत्राला उत्तर म्हणून हा अर्ज करत आहे. आपलं पत्र दोन ओळींचं आहे. उत्तर लांबलं आहे, त्याबद्दल माफी असावी.

१. आपल्या केंद्राने घरच्या घरी पॅच लावून लस घेण्याची योजना काढली, तेव्हा मी आणि माझी पत्नी लगेच नाव नोंदवून आलो. त्याचं कारण सांगायला लाज वाटते, पण अर्जात खरं लिहावं लागतं. मी चाळीस वर्षं सुई चालवतो, पण तीच सुई दुसऱ्याच्या हातात दिसली की मी तिथून पळ काढतो. मागच्या खेपेला आपल्याच केंद्रात इंजेक्शनच्या रांगेत मी चक्कर येऊन पडलो. तेव्हा माझ्या पुढे अजून तीन माणसं होती. म्हणून "पॅच जमत नसेल तर इंजेक्शन घ्यावे" ही आपल्या पत्रातली दुसरी ओळ माझ्या कामाची नाही.

२. पॅच कोटाच्या बटणाएवढा. त्याच्या पाठीवर शंभर सुया, पण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मी भिंगातून पाहिल्या. एकीलाही नेढं नाही. दंडाच्या मागे लावायचा, 'टक्' आवाज येईपर्यंत अंगठ्याने दाबायचा, वीस मिनिटं ठेवायचा. पहिला पॅच काढून मी भिंगाखाली धरला, तर सुया गायब. आमच्या धंद्यात सुई मोडली तर तिचा तुकडा सापडेपर्यंत कपडा दुकानाबाहेर जात नाही, आणि इथे तर शंभर हरवल्या होत्या. पत्नीने लोहचुंबक आणलं, मी सतरंजी झटकली, दुपारभर आम्ही फरशी धुंडाळली. चार टाचण्या आणि एक हूक सापडला. शेवटी कबुली द्यायला केंद्रावर आलो, तेव्हा सिस्टर पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "काका, त्या सुया औषधाच्याच असतात. अंगात विरघळल्या!" पत्नी मला म्हणाली, "म्हणजे आता तुम्हाला खाली बसताना टोचायला नको." हे लिहायची गरज नव्हती, पण ते तिचं बोलणं आहे म्हणून लिहिलं.

३. योजनेच्या नियमाप्रमाणे जोडीतल्या दोघांनी एकमेकांचा पॅच दाबायचा. पत्नी दुकानात काज-बटण करायची, त्यामुळे तिच्या अंगठ्यात जोर होता. पहिल्याच दाबात टक्. मी हललो तर म्हणायची, "कापड हलत नाही, तुम्ही काय हलता?" मग वीस मिनिटं घाम येईल असं काम करायचं नाही, असं माहितीपत्रकात लिहिलं आहे. म्हणून मशीन बंद करून आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो. चौतीस वर्षांच्या संसारात दोघं हात रिकामे ठेवून बसलो, ते फक्त या दोन मात्रांच्या वेळी. मी मधेच उठायला लागलो की ती म्हणायची, "बसा."

४. दुसऱ्या मात्रेनंतर पाच आठवड्यांनी ती गेली. हृदयाचा झटका होता. पॅचचा त्याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे, ते सोबत जोडलं आहे. माझी कोणाबद्दल तक्रार नाही.

५. तिसरी मात्रा तीस तारखेच्या आत घेतली नाही तर आधीच्या दोन धरल्या जाणार नाहीत, असं आपल्या लेखनिकांनी सांगितलं. त्या दोन मात्रा तिने दाबलेल्या आहेत. त्या वाया गेलेल्या मला चालणार नाहीत. म्हणून मी पुढील प्रयत्न केले.

सरावासाठी मिळालेला बिनसुयांचा पॅच स्वतः लावून पाहिला. अंगठा दंडाच्या मागे पोचत नाही. मग एक खास बाही शिवली, तिला आतून कोटाचं जाड बटण लावलं, खाली पॅच ठेवला आणि दाराच्या चौकटीवर पाठीमागून रेटा दिला. टक् आवाज आला. मला फार आनंद झाला. बाही काढली तर पॅच खालून निसटून चौकटीला चिकटलेला. शेजारचा इस्त्रीवाला दारात उभा होता. म्हणाला, "मास्तर, चौकटीची एक मात्रा झाली. आता दोन राहिल्या." त्याचा अंगठा चांगला आहे, पण त्याने इंजेक्शन घेतलेलं आहे, आणि नियमाप्रमाणे जोडीतल्या दोघांची तीच मात्रा बाकी असावी लागते. सिस्टरांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी लावला तर ती घरची योजना कसली राहिली?" तेही बरोबर आहे.

६. यानंतर मी केंद्राबाहेरचा फलक नीट वाचला. त्यावर तिसरी मात्रा बाकी असलेल्यांची यादी आहे. सगळ्यात वरती लिहिलं आहे: जोडी क्र. १, वैद्यकीय अधिकारी. शेरा: जोडीदार उपलब्ध नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, की आपले जोडीदार कंपाउंडर होते आणि त्यांची बदली झाली. म्हणजे आपल्याच नियमाप्रमाणे आपलीही जोडी रद्द व्हायला हवी. तसं पत्र आपण स्वतःला पाठवलं आहे किंवा कसे, हे मला माहीत नाही. पाठवलं असल्यास उत्तर कसं द्यायचं, याचा नमुना म्हणून हा अर्ज वापरण्यास माझी हरकत नाही.

तरी विनंती, की

(अ) तिसऱ्या मात्रेपुरती माझी व आपली जोडी लावावी. आपण माझा पॅच दाबावा, मी आपला दाबेन. माझ्या अंगठ्याबद्दल इस्त्रीवाल्याचा दाखला सोबत आहे.

(आ) जोडी क्र. ६१ पुढे "रद्द" लिहू नये. आम्ही दोन्ही मात्रा वेळेवर घेतल्या. रद्द लिहिण्यासारखं आमच्या हातून काही झालेलं नाही. "अपूर्ण" राहू द्यावं, ते खरं आहे.

(इ) पॅच लावल्यावर मला लगेच घरी पाठवू नये. केंद्राबाहेरच्या बाकावर दोन माणसं आरामात बसतात, मी मापून पाहिलं आहे. आपल्यालाही वीस मिनिटं थांबावंच लागेल. घड्याळ मी आणीन. आपण काही बोललं पाहिजे असं नाही. मी मधेच उठायला लागलो, तर फक्त "बसा" म्हणावं.

उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
शिंपी, जोडी क्र. ६१
दि. १२ नोव्हेंबर

सोबत:
१. जोडीचं कार्ड, दोघांच्या दोन-दोन मात्रांच्या नोंदीसह (पाहून परत मिळावं)
२. पत्नीच्या मृत्यूचा दाखला व डॉक्टरांचं पत्र
३. इस्त्रीवाल्याचा दाखला
४. सरावाचा पॅच, वापरलेला, चौकटीच्या रंगासह