जात्यावरच्या दोघी

६ फेब्रु. १९४४, रविवार
देवळात आज सांगलीचे उपदेशक. आवाज असा की खिडक्या हादरल्या. लढाई, महागाई, रोगराई, सगळ्या खुणा पुऱ्या झाल्यात म्हणे, प्रभू येशू आता दाराशीच उभा आहे. तयार आहात का? मग म्हणाले, दोघी जात्यावर दळत असतील, एकीला नेतील, दुसरी तिथंच राहील. मी वळून पाहिलं. शेजारी आत्याबाई, मेरीला मांडीवर घेऊन. रोज पहाटे माझ्यासमोर जात्याला बसणारी माझी सासू. लेक ख्रिस्ती झाला, सून ख्रिस्ती आली, नातीचाही बाप्तिस्मा झाला. त्या आहेत तिथंच. देवळात येतात त्या नातीला सांभाळायला.
घरी येताना एवढंच म्हणाल्या, "लय वरडतो गं माणूस."

७ फेब्रु., सोमवार
दळायला बसलो. खुंट्यावर दोघींचे हात. समोरचा हात कधी नाहीसा होईल... छे, तो कसा होईल? नेतील ते मला. मी वर, आणि त्या इथं एकट्या, अर्धं दळण पुढ्यात घेऊन. माझ्या हातून सुपातले दाणे सांडले. एरवी आत्याबाई ओव्या म्हणतात, आज नुसती घरघर.
शाळेत मुलींना सातचा पाढा चुकीचा सांगितला. त्यांनीच हसून सुधारला.

९ फेब्रु., बुधवार
बोललेच शेवटी. "आत्याबाई, बाप्तिस्मा घ्या. माझ्यासाठी म्हणून घ्या."
भाकरी थापताना वर पाहिलंसुद्धा नाही. "मालक हायत का तितं?"
सासरे वारले तेव्हा या घरात येशूचं नावही नव्हतं. काय सांगणार कपाळ! पाळकसाहेबांना विचारते म्हटलं.
"इचार. ते नसलं तर म्या एकटी जाऊन काय करू तितं?"
संध्याकाळची जादा भाकरी आजही केली. यांच्या नावाची. हे पलटणीत, ब्रह्मदेशाच्या लढाईवर; नाताळापासून पत्र नाही, आणि इथं जोंधळा मिळायची मारामार. मी चिडले. तर म्हणतात, "येतो म्हनून गेलाय त्यो. जातो न्हाई म्हनला." आणि उंबऱ्यात जाऊन बसल्या.

१२ फेब्रु., शनिवार
उठले तर दळण झालेलं. काल तसंच, परवाही तसंच. "मला हाक का मारली नाही?"
"नीज की जरा. पोर छळतंय तुला."
एकटीनं जातं ओढायचं वय आहे का हे? रागावल्यात माझ्यावर, दुसरं काय. पाळकसाहेब सासऱ्यांबद्दल म्हणाले, ते देवाच्या हाती. घरी सांगितलं नाही.
एकीकडे बरंही वाटतंय. जात्यावर दोघी नाहीतच, मग निवड कुणाची करणार? असला विचार! प्रभू काय असा फसणार आहे? डोकं फिरलंय माझं.

१५ फेब्रु., मंगळवार
अक्षर वाचायला येईल का नंतर, कोण जाणे.
पहाटे जात्याचा आवाज थांबला म्हणून जाग आली. हाक मारली. ओ नाही. झोळीत हात घातला, मेरी नाही. जात्याकडे धावले. जात्याच्या तोंडात घास तसाच, पीठ अजून कोमट, आत्याबाईंचं घोंगडं बाजूला पडलेलं.
येऊन गेला. प्रभू येऊन गेला. तान्हं नेलं, आत्याबाईंना नेलं. आणि मी बाप्तिस्मावाली, पोरींकडून वचनं घोकून घेणारी मास्तरीण, मीच राहिले. खुंटा धरून तिथंच बसले. मलाही ने, मलाही ने, एवढंच.
दार वाजलं. आत्याबाई! पदराखाली मेरी.
"रडाय लागली, म्हनलं भाईर फिरवावी, तुजी झोप मोडंल. आगं बया, भूत बगितलंस व्हय?"
गळ्यात पडून हंबरडाच फोडला मी. "मला वाटलं तुम्हाला नेलं."
"न्हाई ना न्हेलं अजून. रोज बसतीया की एकटी."
मला काही उमजेना. मग मेरीला थोपटत हळूच सांगितलं. "त्यो सांगलीवाला म्हनला न्हवं, दोघी बसल्या की एकीला न्हेनार? पलेग आला तवा बी असंच, घरटी एक गेलं. मग म्हनलं, दोघींनी बसायचंच कशाला? म्या एकटी आसले तर मलाच न्हील. तुजं पोर अंगावर पितंय."
नेणं म्हणजे मरण, असं समजल्या! आणि तरी रोज एकट्या जाऊन बसल्या. मी मात्र त्यांना सोडून वर जायची...


२० फेब्रु., रविवार
देवळाबाहेर पाळकसाहेबांनी गाठलंच. सासूबाईंचं काय ठरलं? बघते म्हटलं.
दुपारी आत्याबाईंना समजावलं, नेणं म्हणजे मरण नव्हे हो, प्रभूजवळ जाणं. नीट ऐकून घेतलं. "म्हंजी तुला न्हेनार आन् मला ठेवनार?"
मी मेरीच्या झबल्याची घडी घालू लागले.
"मग ठेवू दे की. समदीच गेलो तर माजा लेक आल्यावर दार कोन उघडंल?"

२१ फेब्रु., सोमवार
यांचं पत्र नाही.
आज मीच आधी उठून जात्याशी बसले. त्या आल्या. "ऊट, म्या दळते." उठले नाही. "बसा समोर," म्हटलं. जरा घुटमळल्या, मग बसल्या. भीती कुठली जातेय, बाहेर कुत्रं भुंकलं तरी दचकत होते. प्रभू, लवकर ये, अशी रोजची प्रार्थना. आज ओठावर येईना. दळण सरेपर्यंत थांब, एवढंच म्हणाले.
खुंट्यावर त्यांचा हात खाली, माझा त्यावर.
"आगं, बोटं मोडशील माजी. सैल धर."
नाही धरला.