चीटम हिल, पायी

सोमवार, ११ ऑक्टोबर २००४

एकतीस वर्षं जिथे डॉक्टरकी केली, तिथे आज पहिल्यांदा बसने गेलो.

उर्वीचा हट्ट. रोज बर्मिंगहॅमहून फोन — "बाबा, तू बाहेर जा. असा घरात बसून तुझा तब्येत बिघडणार." पोरीचं मराठी! पण म्हणते ते खरं. फेब्रुवारीत नीना, तिची आई, गेली, त्यानंतर मी फाटकापलीकडे गेलो तो कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. तेही दूध संपलं म्हणून.

मग मँचेस्टरला जाणारी १३५ नंबरची बस पकडली. म्हाताऱ्यांचा पास दाखवला. कुठे उतरायचं ठरवलं नव्हतं. चीटम हिल आलं आणि उतरलो.

इथले माझे निम्मे पेशंट युक्रेनियन. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासितांच्या छावण्यांतून आलेले, गिरण्यांत लागलेले, दोन-दोन कुटुंबं मिळून एकेक घर घेतलेले. मला ही वस्ती फक्त आतून ठाऊक आहे. कुठला जिना अरुंद, कुणाच्या पलंगावर कुठल्या संताची तसबीर, कुठल्या न्हाणीघराला कडी नाही — सगळं पाठ. पण दोन घरांच्या मध्ये काय आहे ते कधी पाहिलंच नाही. गाडी, बॅग, दार, जिना, पलंग. परत गाडी.

तासभर चाललो. लाल विटांच्या रांगा. आता खिडक्यांतून उर्दू टीव्ही ऐकू येतो. काही वाटलं नाही. टाच दुखली, एवढंच.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

परत गेलो. का ते माहीत नाही. भुरभुर पाऊस. आलो, कालचा भात गरम केला, निम्मा टाकला.

मंगळवार, १९ ऑक्टोबर

आज एका युक्रेनियन वाणसामानाच्या दुकानात शिरलो. हे दुकान दवाखान्यापासून शंभर पावलांवर, आणि मी आत कधी पाऊल टाकलं नव्हतं! कुट्टू, खसखशीचे रोल, बरण्यांत बीट, टांगलेले सॉसेज. दोन पोलिश मुलं रांगेत — यंदाच कामाला आलेली असणार, बांधकामाचं हेल्मेट अजून डोक्यावर. मी काहीतरी घ्यायचं म्हणून खसखशीचा रोल घेतला.

मागून आरोळी — "डॉक्टर सबनीस! जिवंत आहात होय अजून!"

बोहदान. बस चालवायचा. त्याची पाठ मी वीस वर्षं सांभाळली. आता तोही रिटायर, त्यांच्या युक्रेनियन क्लबात बारमागे उभा राहतो. इथेच जन्मलेला, बोलणं अस्सल मँचेस्टरचं. नीनाचं सांगितलं. त्याने टोपी काढली. मग म्हणाला, "चला, आमचं गाव दाखवतो. इतकी वर्षं आमच्या जिभा बघितल्या, आता बाकीचं बघा."

चर्च दाखवलं. सोन्याचे संत, मेणाचा वास. क्लब दाखवला — कार्पेट चिकट, भिंतीवर एका कवीचा मोठा फोटो, मिशा खाली वळलेल्या. वरच्या मजल्यावर शनिवारची शाळा. "सगळी पोरं फुटबॉल खेळायची, आणि आम्ही इथे व्याकरण घोकायचो. बाप म्हणायचा, परत जायचंय ना! कोण गेलं परत? कोणी नाही."

नीना आमच्या बैठकीच्या खोलीत पाच पोरांना मराठी शिकवायची. उर्वी 'तो खुर्ची' म्हणायची. नीना हसून हसून बेजार व्हायची. हे सगळं आठवलं, चित्र दिसावं तसं. बाकी काही नाही. 

निघताना बोहदान म्हणाला, "मिसेस हुमेन्युक आठवतात? स्टेफानिया? ऐंशीच्या झाल्या. दर गुरुवारी इथे जेवायला असतात. तुमचं नाव काढतात."

मी म्हणालो, बस चुकेल. बसला वीस मिनिटं होती.

बुधवार, २० ऑक्टोबर

लिहूनच टाकतो. नीना होती तोवर लिहायची गरज पडली नाही.

१९७९. गणपतीतला रविवार. मंडळाचा कार्यक्रम, शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला. ऑन कॉल मी होतो, म्हणून हॉलच्या ऑफिसातला नंबर देऊन ठेवला होता. चार वाजता फोन आला. मिसेस हुमेन्युक. "माय मॅन हॉट. फीव्हर." तिचं इंग्रजी तोडकं, माझ्या मागे पेटी आणि टाळ्या. नीना पुढचं गाणं म्हणणार होती, पंधरा दिवस तालीम चालली होती. मी म्हणालो, दोन पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजा, उद्या सकाळी पहिल्यांदा तुमच्याकडे येतो. फोन ठेवला. मिनिटभरसुद्धा झालं नसेल.

ओमेल्यान हुमेन्युक संध्याकाळी सहाला गेला. हार्ट अटॅक. वय अठ्ठावन्न.

दहा दिवसांपूर्वी मीच त्याला तपासलं होतं, म्हणून मृत्यूचं सर्टिफिकेटही मीच लिहिलं. कोणी काही विचारलं नाही. एक प्रश्न विचारायचा होता फोनवर — दुखतंय का कुठे? मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. मी विचारला नाही. गाणं ऐकायचं होतं.

घरी येऊन नीनाला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही गेला असतात तरी काही झालं नसतं." पंचवीस वर्षं म्हणत राहिली. मी काही बोलायचो नाही, नुसता गप्प बसायचो, आणि तिला कळायचं. "अहो, परत तेच? नसतं झालं काही." तिने त्यानंतर मंडळात गाणं म्हटलं नाही. का, ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

आता ते वाक्य म्हणायला कोणी नाही. स्वतःशी म्हणून पाहिलं. माझ्या आवाजात खोटं वाटतं.

रविवार, २४ ऑक्टोबर

बोहदान मला दफनभूमीत घेऊन गेला. मीच म्हटलं, दाखव. एक अख्खा कोपरा त्यांचा. काळे दगड, दगडांत अंडाकृती फोटो. गावांची नावं कोरलेली, त्यातली काही गावं आता त्या नावाने नाहीतच म्हणे.

ओमेल्यान सापडला. मोठा जबडा, सूट. शेजारी तिचं नाव आधीच कोरून ठेवलंय — स्टेफानिया, १९२४, मग एक रेघ, आणि पुढे कोरा दगड.

"स्वस्त पडतं एकदम कोरलं की," बोहदान म्हणाला. मग म्हणाला, "पण त्या कधी येत नाहीत इथे. फुलं आम्ही ठेवतो."

मला वाटलं, माझ्यामुळे. इथे आलं की तिला तो रविवार आठवत असणार.

थंडी होती. हातमोजे विसरलो होतो. बराच वेळ उभा राहिलो आणि मग लक्षात आलं, की मी गारठलेली बोटं एकेक करून मोजतोय.

गुरुवार, ४ नोव्हेंबर

गेलो जेवायला. ती कोपऱ्यातल्या टेबलाशी. लहान झालीय, डोक्याला रुमाल. मला पाहिलं, उठली, काठी पडली. दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. एकतीस वर्षांत मी तिची नाडी कितीदा धरली असेल, तिने मला कधी हात लावला नव्हता.

"मिसेस?" तिने विचारलं.

"गेली. फेब्रुवारीत."

तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. स्वतःच्या ताटलीतली दोन डंपलिंग माझ्या ताटलीत सरकवली. खा, खा. खाल्ली. बटाटा होता आत.

सांगायचं ठरवून गेलो होतो. आजूबाजूला चाळीस माणसं. नाही सांगितलं.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. उर्वी सुट्टी काढून आली. पणती लावली, चकल्या दुकानातल्या. म्हणाली, "मला आईची खूप आठवण येतो." मी म्हणालो, हो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि रडायला लागली. मी चहा टाकला.

जाताना परत तेच — "घर विक ना, बाबा. आमच्याकडे ये. माझा मागे किती काळजी." बघू म्हणालो. बघण्यासारखं काय आहे त्यात? इथे राहिलो काय, तिथे राहिलो काय.

शनिवार, १३ नोव्हेंबर

काही नाही.

बुधवार, २४ नोव्हेंबर

क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांच्या देशात निवडणुकीचा घोळ झालाय, लाखभर माणसं बर्फात चौकात उभी. बारवरचा टीव्ही मोठ्याने लावलेला. ज्यांना मी गुडघ्यांसाठी गोळ्या द्यायचो ते म्हातारे खुर्चीवर चढून ओरडत होते! सगळ्यांच्या अंगावर नारिंगी काहीतरी, चौकातल्या त्या माणसांचा रंग — स्कार्फ, रिबन, एकाने तर रस्त्याच्या कामवाल्याचं जाकीट घातलेलं. बोहदान रडत होता, ग्लास पुसत होता, परत रडत होता. "मी कधी गेलोही नाही तिथे, डॉक!"

मला एक रिबन बांधली. मी त्या गर्दीत उभा. आवाज काचेपलीकडून यावा तसा.

स्टेफानिया मात्र टीव्हीकडे पाठ करून बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. म्हणालो, मला तुमच्याशी बोलायचंय, एकांतात. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "घरी या. गुरुवार. पुढच्या."

गुरुवार, २ डिसेंबर

गेलो. तेच घर. तळघराचं दार तेच हिरवं, जिना तसाच उभा. स्वयंपाकघरात बसवलं. खिडकीत मुलीचा फोटो, हान्याचा — ओमेल्यान गेला तेव्हा चौदाची होती, आता कॅनडात असते.

चहा दिला, लिंबू घालून. मी लगेच सुरू केलं. थांबलो असतो तर सांगितलं नसतं. हॉल, फोन, गाणं, पॅरासिटामॉल. "मी यायला हवं होतं. आणि मी विचारलंच नाही, दुखतंय का कुठे. तुम्हाला इंग्रजी बोलता येत नव्हतं, विचारणं माझं काम होतं. त्यानंतर इतकी वर्षं तुम्ही माझ्याकडे येत राहिलात आणि मी काही बोललो नाही."

तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपलं तेव्हा तिचा कप अजून हातातच होता. तो तिने दोन्ही हातांनी बशीत ठेवला.

"संपलं?"

"हो."

"आज नाही," ती म्हणाली. "आज मी नाही बोलत. रविवारी. चर्चनंतर. आधी मला तिथे देवाशी बोलायचं आहे."

दारापर्यंत आली. मला रागाची सवय आहे, शोकाचीही. हे त्यातलं नव्हतं. मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. बसमध्ये बसलो, प्रेस्टविचला उतरलो, किल्ली लावली. काही वाटत नव्हतं.

शुक्रवार, ३ डिसेंबर

उर्वीला फोन केला, मी होऊन. नीनाने गाणं का सोडलं, तुला काही बोलली होती का? उर्वी म्हणाली, "आई बोलायची, त्या दिवसानंतर तिला गाताना फोनची बेल ऐकू यायचा." इतकंच. इतकी वर्षं एकाच घरात राहिलो आम्ही.

रविवार, ५ डिसेंबर

चर्चच्या मागच्या बाकावर. सगळे गेल्यावर स्टेफानिया बोलली. सावकाश, शब्द शोधत. रडली नाही.

"तुम्ही विचारलं होतं, डॉक्टर. मला रोज ऐकू येतं. 'एनी पेन, मिसेस हुमेन्युक? चेस्ट?' मला चेस्ट कळत होतं. गिरणीत सगळ्यांची चेस्ट खराब, तो शब्द मी पहिल्या वर्षी शिकले. तो समोर बसला होता, हात असा, छातीवर. घामाने भिजलेला. मला म्हणत होता, सांग, सांग. मी म्हणाले, नो. नो पेन. ओन्ली हॉट. आणि फोन ठेवला. मग दोन तास मी त्याच्यासमोर बसले. आदल्या रात्री त्याने हान्याला मारलं होतं. मला मारायचा ते वेगळं. हान्याला पहिल्यांदा."

मग म्हणाली, "तुम्ही कशाला इतकी वर्षं... मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही चांगले, म्हणून बोलत नाही."

घरी आलो. कोट काढला नाही अजून.

तिचं दवाखान्यातलं कार्ड डोळ्यांसमोर आहे. ६ मार्च ७२, मनगट. ७५, दोन फासळ्या. ७८ च्या नाताळात डावा कान. तिन्ही वेळा खाली एकच ओळ, माझ्या अक्षरात — तळघराच्या जिन्यावरून पडली.