पोटरीचं माप

३ ऑगस्ट, सकाळ
न्यूमोनिया गेला. आता सूड. पहिला नंबर फिजिओथेरपीवाल्या बाईंचा. नाव ठेवलंय फौजदारीणबाई. टेपने माझी पोटरी मोजून म्हणतात, आजोबा, पंधरा दिवस पडून तीन सेंटिमीटर गेले, अठ्ठावीस राहिले. आजोबा! एकतीस वर्षं वजन-मापे खात्यात निरीक्षक होतो. भल्याभल्यांचे तराजू जप्त केलेत. यांची टेप ताणलेली आहे.

दुपार
दुसरा नंबर चिरंजीवांचा. शुक्रवारी हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठलात तर स्वतःच्या घरी, नाहीतर वृद्धाश्रमात, म्हणतात. थोडे दिवस, म्हणतात. जप्त तराजूंबद्दल व्यापाऱ्यांना आम्हीही हेच सांगायचो. एकही परत गेला नाही. घराची किल्ली उशीखाली ठेवली.

४ ऑगस्ट
खुर्ची वितीने मोजली. दोन बोटं ठेंगणी. तरी अर्धा उठलो. अर्धं धरत नाहीत म्हणे. सदोष खुर्चीवर उठबशा काढणं तत्त्वात बसत नाही. व्यायाम बंद, तक्रारअर्ज सुरू. फौजदारीणबाई म्हणाल्या, हलला नाहीत तर आहे तेही जाईल. धमकी. पान दोनवर नोंदवली.

५ ऑगस्ट
शेजारच्या पलंगावर शिंपी. खुब्याचं ऑपरेशन झालंय, तरी बाईंच्या तालावर दिवसातून तीनदा उठबस. लाचार माणूस. त्याची टेप हवी होती म्हणून बाईंनी ताकदीसाठी लावून दिलेली माझी दोन्ही अंडी त्याला दिली. अंडी खाल्ली आणि अठ्ठावीसच सांगितले. फितूर! तिसरा नंबर याचा.
चिरंजीवांना फोन. कपाटातली माझी पोलादी टेप आणा. मीच तपासून शिक्का मारलेली. शुक्रवारी सगळ्यांची पळता भुई थोडी करतो.

६ ऑगस्ट
अर्ज सतरा पानं. पेन फार जड आहे. कलम अकरा: संडास हलवला आहे. परवा बारा पावलांवर होता, आज बारा पावलांत पोचलो नाही.
निषेध म्हणून अंडी परत पाठवली.

७ ऑगस्ट, शुक्रवार
शिंपी वॉकर घेऊन घरी गेला. जाताना म्हणाला, साहेब, आज तरी अंडी खा.
टेप आली. बाई, सिस्टर, चिरंजीव, सगळ्यांना पलंगाभोवती उभं केलं. मीच मोजणार म्हटलं. टोक दोनदा हातातून निसटलं. शेवटी फौजदारीणबाईंनी धरलं.
सत्तावीस.
पुन्हा मोजलं. सत्तावीस. चष्मा लावून शिक्का पाहिला. माझाच.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मग खुर्ची. एकदाही उठता आलं नाही. खुर्चीला काही बोललो नाही. बाईंनी अर्जाचं शेवटचं पान उलटं करून मागे उद्याचा व्यायाम लिहून दिला. अर्धं उठणं, तीन वेळा. अर्धंही धरणार म्हणाल्या.
किल्ली चिरंजीवांना दिली. थोडे दिवस, म्हटलं.