पाशाच्या वंशजाची बहीण

ओर्ताकॉय, इस्तंबूल
१४ मे १९८७

चि. नेजदेत यास अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी तू जर्मन व्याही-विहिणीला घेऊन आपल्या काठावरच्या मशिदीत आलास. दारात बसून बायकांना डोईचा रुमाल देणारी म्हातारी तुझी सख्खी थोरली बहीण, तुझी आब्ला, हे ठाऊक असून! विहीणबाईंना रुमाल मीच बांधला. तू मात्र झुंबराकडे असा टक लावून, जणू ते तुझ्याच टाळक्यात पडणार.

वर त्यांना सांगितलंस, आपण सुलतानाच्या पाशाचे वंशज, इथंच पाण्याला लागून आपली हवेली होती, आता घरचं कुणी उरलं नाही. बाळा, वीस वर्षं परक्यांचे जोडे राखलेत, जर्मन मलाही कळतं. आपले वडील समोरच्या धक्क्यावर बांगडे विकायचे. पाशा कसले? गिऱ्हाइकांत तरी एखादा पाशा होता का?

मेलेल्या बहिणीचं पत्र म्हणून दचकू नकोस. मेलेल्यांवर लोभ ठेवतात की नाही, तेवढं कळव.

तुझी
मेलाहत आब्ला


ब्रेमेन
२९ मे १९८७

ती. मेलाहत आब्ला हिस सा. न. वि. वि.

पत्र वाचून मान खाली गेली. पण माझीही बाजू बघ. व्याह्यांकडे तीन पिढ्या डॉक्टर. पोराचं, सेरहातचं, लग्न जमावं म्हणून घरची हकिकत थोडी वाढवून सांगितली, ती अंगाशी आली. तू तिथं हाक मारली नाहीस, हे उपकारच. आता विहीणबाईंना काही कळवू नकोस, लग्न महिन्यावर आलंय. फोटो नक्की पाठवीन.

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
नेजदेत


ओर्ताकॉय
९ जून १९८७

चि. नेजदेत यास आशीर्वाद. अनेक नव्हे, एकच.

फोटो पाठवशील! केवढं हे मोठं मन!

अरे, विहीणबाई दुसऱ्याच दिवशी एकट्या आल्या होत्या, तू हॉटेलात घोरत असताना. मशीद बघितलीच नाही, माझ्याकडे बघत बसल्या. मोडक्यातोडक्या तुर्कीत म्हणाल्या, नेजदेतचं आणि तुमचं नाक एकच, तुम्ही त्यांच्या कोण? मी सांगितलं, बहीण. चहा प्याल्या, माझा पत्ता लिहून घेतला. तुला बोलल्या नाहीत, कारण तू आपणहून कधी सांगतोस, ते त्यांना बघायचं होतं. अजून बघताहेत.

विहीणबाईंकडून लग्नाचं आमंत्रण परवाच आलं, तिकिटासकट. वीस तारखेला ब्रेमेन स्टेशनावर उतरते. त्या सगळ्यांना घेऊन न्यायला येणार आहेत. तूही ये. फुलं नकोत. पुढं हो आणि चारचौघांत सांग, ही कोण ते. तोंडून शब्द फुटला नाही, तर माझी ओळख मीच करून देईन. आणि तुझीही.

लोभाचं तिथंच बघू.

मेलाहत आब्ला