डावा हात खिशात

दि. ४ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, फक्त जाड झालोय. कारखान्याने आम्हा विजेच्या पॅनलवाल्यांना नवा पोशाख दिला आहे. जाडजूड कोट, विजार, हातमोजे आणि पुढे काच लावलेलं टोपरं. उघड्या पॅनलमध्ये ठिणगी पडली की जो भडका उडतो, त्याला आर्क फ्लॅश म्हणतात. त्यापासून म्हणे हे वाचवतं. घातलं की मी चालती गादी दिसतो. पोटावर बटणं लागेनात, तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर मोठं माप मागवलं.

मी त्यांना ऐकवलं की बाबांची पद्धत मला पुरे आहे : डावा हात खिशात, काम उजव्याने. बावीस वर्षं तेच करतोय. साहेब म्हणाले, त्याने छातीतून जाणारा शॉक टळेल, पण भडका तोंडावर येतो. मी मान हलवली आणि टोपरं कपाटावर ठेवून दिलं. माझी लेकही तुझ्या शहरात पॅनलवर रुजू झाली आहे, आणि तिचाही डावा हात खिशातच असतो. छाती फुगते माझी. पोट तर फुगलेलंच आहे.

लोभ आहेच, फक्त पोटावरून हसू नये.
तुझा गोटू

दि. ११ जून

चि. गोटूस अनेक आशीर्वाद.

पोटावरून हसले. रविवारी लेक आली होती. माझ्या घरचा फ्यूज बदलताना तिने डावा हात खिशात घातला, अगदी बाबांसारखा खांदा पाडून, आणि माझ्या हातून कप सुटला.

बाबांना दिलेला शब्द आज मोडते. त्यांच्या डाव्या हाताची ती तीन चिकटलेली बोटं स्टोव्हने भाजली, असं तुला सांगितलं होतं. स्टोव्ह नव्हता रे, पॅनल होतं. तू तान्हा होतास. पुढे तू हाच धंदा धरलास, तेव्हा तू भिऊ नयेस म्हणून त्यांनी मला गप्प बसवलं. खिशात हात का, असं तू विचारलंस तेव्हा त्यांनी शॉकचं कारण पुढे केलं. ती पद्धत नव्हती, गोटू. ते हात लपवत होते.

टोपरं कपाटावरून काढ. मला भीती वाटते.
तुझी अक्का

दि. १९ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

बावीस वर्षं मी बाबांच्या लाजेची नक्कल करत होतो आणि वर साहेबांना शिकवत होतो. असा शहाणा आपल्याच घरात निपजावा.

पत्र वाचून दुसऱ्या दिवशी निमूट सगळं चढवलं. मेन बंद करून, आत खरंच वीज नाही ना हे तपासायला गेलो. सवयीने डावा हात खिशाकडे गेला, पण मोज्याचा पंजा खिशात मावेना. एक लाइन जिवंत राहिली होती. मोठा आवाज झाला, काच काळी पडली आणि मी जमिनीवर बसलो. टोपरं काढल्यावर आधी भुवया चाचपल्या. दोन्ही होत्या. मग सगळ्यांसमोर रडलो.

घरी येऊन जळका कोट पलंगाखाली सारला. लेकीला कशाला घाबरवायचं, असं मनात आलं. सुट्टीत आल्यावर तिने विचारलंच तर सांगायला तोंडात स्टोव्ह तयार होता.

मग कोट बाहेर काढला. रविवारी तो घेऊन तुझ्याकडे येतो, लेकीलाही बोलावून ठेव. बाबांचं, माझं, सगळं सांगणार आहे. ती रागावली तरी चालेल. तिच्यासमोर दोन्ही हात टेबलावर ठेवून बसेन.

लोभ होताच, आता धाकही असू द्यावा.
तुझा गोटू