मला एकांत हवा

सोमवार, ४
ऑफिसात काउन्सेलर बाईंचं लेक्चर. विषय: एकांत आणि मनाचं आरोग्य. रोज तासभर स्वतःसोबत घालवा म्हणाल्या. बाकीचे पेंगत होते, मला मात्र एकदम पटलं. घरात माझ्याशिवाय पान हलत नाही, त्याचाच ताण येतो. निर्णय: उद्यापासून संध्याकाळी सात ते आठ मागच्या खोलीत. दार बंद, मोबाइल बंद. घरच्यांना जड जाईल, पण इलाज नाही.

मंगळवार, ५
आल्याआल्या जाहीर केलं. बायको लगेच म्हणाली, बसा की. बिचारीने मन घट्ट केलं असणार. इस्त्रीचं टेबल आणि जुन्या बॅगा यांच्यामध्ये खुर्ची घातली. कोणी दार वाजवलंच तर प्रेमाने पण ठामपणे काय बोलायचं, हे ठरवण्यातच बराच वेळ गेला. दार काही वाजलं नाही. माझा धाकच तसा आहे.

गुरुवार, ७
काल लिहिलं नाही. एकांतात फार खोल गेलो होतो. झोप लागली होती, पण तीही खोलच.

आज बाहेर हसण्याचे आवाज. दाराला कान लावला, निव्वळ काळजीपोटी. माझे वडील आणि लेक पत्ते खेळत होते, आणि बायको चक्क गात होती. लग्नाला सोळा वर्षं झाली, ही गाते हे मला माहीतच नव्हतं. दुःख विसरायला माणूस काय काय करतो!

शुक्रवार, ८
पाणी प्यायच्या निमित्ताने वेळेआधीच बाहेर आलो. गाणं थांबलं. वडील घड्याळाकडे बघून म्हणाले, अजून वेळ आहे तुझा. लेकीला विचारलं, गणितं अडली का? आजोबांनी शिकवली म्हणे. शिवाय या वेळी रडूही आलं नाही, हे तिने उगाचच जोडलं.

परत आत गेलो. खरं लिहायचं तर वाईट वाटलं. पण वाईट वाटणं हीसुद्धा प्रगतीच, असं बाई म्हणाल्या होत्या. बहुतेक.

रविवार, १०
आज दार वाजलं! शेवटी राहवलं नाहीच त्यांना. केस सारखे केले, जरा ताटकळत ठेवलं, मग उघडलं. दारात बायको.

“अहो, तुमचं बसून झालं असेल तर मी बसू का? मलाही हवाय एक तास.”

खुर्ची दिली. तिने आतून कडी लावली. म्हटलं, चला, बाकीच्यांना तरी माझा सहवास मिळेल. हॉलमध्ये बसून पत्ते पिसले, खेळाचे नियम पहिल्यापासून नीट समजावून सांगितले. लेकीला अभ्यास आठवला. वडिलांना पाय मोकळे करून यायचं होतं.

हॉलमध्ये मी एकटा. आयता एकांत, पण फायदा काही जाणवेना.

मग मीच जाऊन दार वाजवलं. अगदी हळू. काय हवंय, तिने आतून विचारलं. म्हटलं, काही नाही, करमत नाहीये.

“अहो, मला बसून पाचच मिनिटं झालीत,” ती म्हणाली.