वाळूत दोन हात, काळ्या रानात एक वीत

मी दाऊद वल्द चांदपाशा, राहणार गारखेडा, उमर अंदाजे बेचाळीस. छाती पोखरली आहे, अक्कल शाबूत आहे. कुणाच्या दबावाशिवाय हे मृत्युपत्र करतो. कोर्टाची भाषा उर्दू. पण हा कागद चितेगावच्या चावडीत वाचायचा आहे, म्हणून मराठीत.

एक. मालमत्तेच्या तीन हिश्श्यांपैकी दोन शरीयतीप्रमाणे वारसांचे. माझी बायको गौहर हिला राहत्या घरातून कुणी उठवू नये. भाऊ इलियास, हे तुझ्यासाठीच लिहिलं आहे.

दोन. तिसरा हिस्सा परक्याला देता येतो. तो, म्हणजे विहिरीकडची जमीन, चितेगावचा मयत मेंढपाळ सोनाजी याची बायको बानाबाई हिला द्यावा. कारण असं.

लढाईत मी, जमिनीत धातू असला की वाजणाऱ्या यंत्रानं, पुरलेले सुरुंग शोधायचो. परतल्यावर फौजेच्या लिलावात तसंच यंत्र घेतलं आणि पुरलेलं धन शोधून द्यायचा धंदा मांडला. गेल्या उन्हाळ्यात चितेगावच्या तात्यासाहेबांनी बोलावलं. त्यांच्या आईनं लिंबाजवळच्या रानात दागिन्यांचा तांब्या पुरला होता. नेमकी जागा न सांगताच ती वारली. त्या रानात खतासाठी सोनाजीच्या मेंढ्या बसल्या होत्या.

आधी वाड्यासमोर वाळूच्या ढिगात दोन हात खोल लोटा पुरून दाखवला. यंत्र वाजलं, गाव खूश झालं. काळ्या रानात मात्र ते उगाच जागोजाग कुरकुरतं, म्हणून आवाज कमी करावा लागतो. मग खोलातलं ऐकू येत नाही. ज्या मातीत काम, त्याच मातीत यंत्र तपासावं, हे फौजेत शिकवलं होतं. मी तपासलं नाही. सांगितलं, इथं काही नाही.

मग तांब्या सोनाजीनंच काढून नेला म्हणत तात्यासाहेबांनी त्याला लिंबाला बांधून मारायला लावलं. तो मला म्हणाला, "दाऊदभाई, अजून एक डाव फिरवा की. म्या नाय घेतलं."

मी म्हणालो, "यंत्र खोटं बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी माझ्या काळ्या जमिनीत लोटा पुरून पाहिला. एका वितीखाली यंत्र मुकं. हे सांगितलं तर पुन्हा कोण बोलावणार, म्हणून गप्प बसलो. तेव्हा सोनाजी जिवंत होता. पाचव्या दिवशी तो त्या मारानं गेला.

तीन. दिवाळीत त्याच रानात खड्डा खणताना तांब्या दीड हातावर निघाला. माझं तोंड बंद राहावं म्हणून तात्यासाहेबांनी जरीचा फेटा पाठवला. तो चावडीत सगळ्यांदेखत परत करावा.

चार. यंत्र विकू नये, फोडावं.

पाच. हा कागद चावडीत वाचल्याशिवाय कुणी वाटा घेऊ नये. सोनाजी चोर नव्हता, हे दोनदा वाचावं.

मुक्काम गारखेडा, ७ बहमन १३५७ फसली, म्हणजे इसवी १९४७.
दस्तखत: दाऊद

साक्षीदार:
१. बद्रीनाथ, शाळामास्तर. दस्तखत.
२. कारभारी, सोनाजीचा थोरला भाऊ. कागद वाचून दाखवला. डाव्या हाताचा अंगठा. त्याच्या सांगण्यावरून, त्याच्याच शब्दांत: "कागद खरा हाय म्हणून अंगठा देतो. माफ केलं असं लिहू नगा."